सिंगापूरमध्ये नवा संसार मांडताना: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सव्वा अंशावर आहे. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे, विमानप्रवास साधारण साडेपाच तासांचा आणि शहरात भारतीय चेहरे सर्वत्र, त्यामुळे येथे येणाऱ्या मराठी कुटुंबाला हा देश जवळचाच वाटतो. निघण्यापूर्वी बहुतेक जण घरभाडे, शाळेची फी आणि येथील कडक कायदे यांची चौकशी करतात, आणि ती करायलाच हवी. परंतु रोजच्या जगण्यात खरा बदल घडवते ती येथील हवा. वर्षभर एकसारखी उष्ण, दमट आणि पावसाळी असलेली ही हवा घराची निवड, कपाटाची मांडणी, पिठाचे डबे, मुलांच्या खेळाची वेळ, इतकेच काय तर देवघरातल्या तांब्यातले पाणी, या सर्वांवर परिणाम करते. म्हणून या लेखात कागदपत्रांइतकेच महत्त्व हवेशी जुळवून घेण्याला दिले आहे.

निघण्यापूर्वी

नोकरीसाठी येणाऱ्या व्यक्तीला बहुधा एम्प्लॉयमेंट पास मिळतो, आणि जोडीदार व २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी कंपनीमार्फत डिपेंडंट्स पासचा अर्ज केला जातो. त्यासाठी नोकरदाराचा निश्चित मासिक पगार सध्या किमान ६,००० सिंगापूर डॉलर असावा लागतो. आई-वडिलांना दीर्घ मुदतीच्या पासवर आणायचे असेल तर ही मर्यादा १२,००० डॉलर आहे. १ मे २०२१ पासून डिपेंडंट्स पासवर असलेल्या जोडीदाराला नोकरी करायची असल्यास स्वतःचा वेगळा कामाचा पास घ्यावा लागतो. दोघांच्या पगारावर आखलेला संसार एका पगारावर चालवावा लागेल का, याचा विचार राजीनामा देण्यापूर्वीच व्हायला हवा.

विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले काळजीपूर्वक तपासावेत. जुने दाखले केवळ मराठीत असतात. नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडून इंग्रजी मजकूर असलेली नवी प्रत काढून घ्यावी, अथवा अधिकृत इंग्रजी भाषांतर करून ठेवावे. लग्नानंतर बदललेले नाव, वडिलांच्या नावाचे वेगवेगळे स्पेलिंग आणि पासपोर्टवरील नाव यांत फरक असेल तर तो भारतात असतानाच दुरुस्त करावा, कारण हेच दाखले पुढे शाळेत आणि पासच्या नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा मागितले जातात.

परदेशात जन्मलेल्या, १२ वर्षे व त्याहून लहान मुलांसाठी दीर्घ मुदतीचा पास मागताना गोवर आणि घटसर्प यांच्या लसीकरणाचा पुरावा द्यावा लागतो. हा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे आणि येथील आरोग्य यंत्रणेकडून ती पडताळणी आधी करून घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांच्या लसीकरण-पुस्तिकेवरील तारखा अनेकदा वाचता येत नाहीत; म्हणून मुलाचे पासपोर्टप्रमाणे नाव, लसीचे नाव आणि तारीख स्पष्ट लिहिलेले पत्र डॉक्टरांकडून घ्यावे.

सामान भरताना सर्वांत आधी मसाल्याचा डबा पाहावा. खसखस सिंगापूरमध्ये निषिद्ध आहे आणि ती अमली पदार्थांविषयीच्या नियमांत येते. सुटी खसखस तर आणू नयेच, शिवाय घरी केलेल्या गोड्या मसाल्यात ती घातली असेल किंवा अनारशांना लावली असेल तर तेही मागे ठेवावे. गुटखा, चघळण्याची तंबाखू आणि मशेरी यांनाही बंदी आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगावे. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या आणण्यासाठी येथील आरोग्यशास्त्र प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. रक्तदाब किंवा मधुमेहाची नेहमीची औषधे आणताना डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी, आणि एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा नसावा.

विजेचा दाब भारताप्रमाणे २३० व्होल्ट असल्याने मिक्सर आणि इस्त्री चालते, मात्र येथील प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो. कुकर, त्याच्या जादा रिंगा, मोदकपात्र, पुरणयंत्र आणि सोऱ्या जरूर आणावा. लोकरीचे कपडे आणि चामड्याच्या जादा वस्तू घरीच ठेवाव्यात. का, ते पुढे येईल. प्रवासाच्या तारखेसह शेवटच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. सरकारी संकेतस्थळावर तो विनामूल्य आहे, त्यामुळे पैसे मागणाऱ्या इतर संकेतस्थळांच्या नादी लागू नये.

घर शोधताना

आधी शाळा ठरवावी आणि मग घर, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्यांना एमआरटीने, म्हणजे येथील मेट्रोने, कोठेही जाता येते, परंतु मुलांची शाळेची बस पहाटे येते आणि अंतर वाढले की त्यांची झोप कमी होते. येथे सूर्योदय वर्षभर सातच्या आसपास होतो, तर अनेक शाळा साडेसातला भरतात. म्हणजे मुले अंधारातच घराबाहेर पडतात.

बहुसंख्य सिंगापूरवासी एचडीबी या सरकारी मंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. ही घरे काँडो म्हणजे खासगी गृहसंकुलांतील घरांपेक्षा स्वस्त असतात, खाली बाजार आणि हॉकर सेंटर म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचे केंद्र असते आणि शेजार खरा मिळतो. संपूर्ण एचडीबी घर भाड्याने देताना परदेशी भाडेकरूंच्या संख्येवर प्रत्येक इमारतीत मर्यादा असते, त्यामुळे पसंत पडलेले घर मिळेलच असे नाही. एचडीबी घर किमान ६ महिन्यांसाठी आणि खासगी घर किमान ३ महिन्यांसाठी घ्यावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक करार एक किंवा दोन वर्षांचे असतात.

करारातील तीन गोष्टी नीट वाचाव्यात. नोकरी सुटल्यास किंवा बदली झाल्यास ठरावीक काळानंतर घर सोडता येईल असे कलम, ज्याला येथे डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणतात, दोन वर्षांच्या करारात असलेच पाहिजे. एसीची देखभाल दर तीन महिन्यांनी भाडेकरूने करावी अशी अट जवळजवळ नेहमी असते. तिच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण अनामत रक्कम परत घेताना त्या दाखवाव्या लागतात. तिसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. ४ वर्षांपर्यंतच्या करारावर ते एकूण भाड्याच्या ०.४ टक्के असते आणि भाडेकरूने भरायचे असते. ताबा घेताना भिंतींवरील ओल, बुरशीचे डाग आणि न्हाणीघराचे छत यांचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवावेत.

काही घरमालक ‘जास्त स्वयंपाक नको’ अशी अट घालतात. आपल्या घरी रोज फोडणी होते, हे एजंटला पहिल्याच दिवशी सांगावे. अट मान्य करून मग वर्षभर दबून राहण्यापेक्षा दुसरे घर पाहिलेले बरे. शक्यतो स्वयंपाकघर दाराने वेगळे झालेले आणि बाहेर खिडकी असलेले पाहावे.

घराची दिशा आपल्याकडे वास्तूच्या दृष्टीने पाहतात, येथे ती उन्हाच्या दृष्टीने पाहावी. विषुववृत्ताजवळ सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि सकाळ-संध्याकाळ थेट पूर्व-पश्चिम भिंतींवर येतो. पश्चिमेकडील भिंत संध्याकाळी तापते आणि ती उष्णता रात्रीपर्यंत खोलीत राहते. उत्तर-दक्षिण खिडक्यांचे, आरपार वारा खेळणारे घर थोडे जास्त भाडे देऊनही परवडते, कारण एसीचे बिल कमी होते. लहान मुले असतील तर खिडक्यांना घट्ट बसवलेल्या जाळ्या आहेत याची खात्री राहायला जाण्यापूर्वीच करावी.

दमट हवेशी जुळवून घेताना

सिंगापूरला वर्षाला सुमारे २,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईतही साधारण तेवढाच पडतो, परंतु तो चार महिन्यांत. येथे तो बारा महिन्यांत वाटलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारी हे सर्वांत ओले महिने. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर विजांसह जोरदार सरी येतात, तर जून ते सप्टेंबरदरम्यान कधीकधी पहाटे सुमात्राकडून वादळी वाऱ्यासह पाऊस येऊन तास-दोन तासांत निघून जातो. दिवसा ३१ ते ३३ अंश आणि रात्रीही २४-२५ अंश, असे तापमान वर्षभर असते. कोकणातील किंवा मुंबईतील माणसाला याची थोडी सवय असते. पुणे, नाशिक किंवा विदर्भातून आलेल्यांना मात्र रात्रीही हवा कोरडी आणि गार होत नाही, ही गोष्ट पहिले काही महिने जड जाते.

कपडे सकाळी लवकर धुऊन वाऱ्याच्या दिशेने, एकमेकांना न चिकटता वाळत घालावेत. एचडीबी इमारतींत खिडकीबाहेर काठ्या लावून कपडे वाळवण्याची सोय असते, पण पाऊस पूर्वसूचना न देता येतो. छताला टांगलेली दोरीची मांडणी आणि खाली पंखा ही अधिक भरवशाची व्यवस्था आहे. अर्धवट वाळलेला कपडा कपाटात गेला की त्याच्यासोबत सगळे कपाट कुबट होते.

कपाटे कधीही ठासून भरू नयेत आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. ओलावा शोषणारे प्लॅस्टिकचे डबे प्रत्येक सुपरमार्केटमध्ये मिळतात. ते कप्प्यात ठेवून त्यात जमलेले पाणी वेळच्या वेळी टाकावे. पैठणी आणि इतर रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता मऊ सुती कापडात गुंडाळाव्यात आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या कोरड्या सकाळी सावलीत उलगडून घडी बदलून ठेवाव्यात. चामड्याच्या चपला, पट्टे आणि पाकिटे यांच्यावर बुरशी फार लवकर येते, म्हणून त्या मोजक्याच आणाव्यात. तबला, पेटी किंवा तानपुरा आणला असेल तर तो ज्या खोलीत आर्द्रता कमी करणारे यंत्र चालते तेथेच ठेवावा. तबल्याची चामडी येथे सैल पडते आणि स्वर टिकत नाही. पोळपाट-लाटणे धुऊन उभे ठेवून पूर्ण वाळवावे.

एसीविषयी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. रात्रभर खूप कमी तापमानावर एसी चालवून सकाळी खिडक्या सताड उघडल्या, तर बाहेरची दमट हवा गार भिंतींवर आणि कपाटांवर जाऊन तिचे पाणी होते, आणि तेथेच काळी बुरशी धरते. त्यापेक्षा एसी २५ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा, जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी आणि सकाळी आधी एसी बंद करून खोली थोडी उबदार झाल्यावर खिडक्या उघडाव्यात.

स्वयंपाकघरातील सवयी तर मुळापासून बदलाव्या लागतात. वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची आपली पद्धत येथे चालत नाही. रवा, बेसन, ज्वारीचे पीठ आणि भाजणी थोड्या प्रमाणात आणून फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर महिनाभरात कीड होते. गूळ पाझरतो, मिठाचे खडे होतात, चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. घट्ट झाकणाचे डबे ही येथे चैन नव्हे, गरज आहे. उलट दही पाच-सहा तासांत लागते आणि इडलीचे पीठ रात्रीतच वर येते, म्हणून ते वेळेवर फ्रीजमध्ये न गेल्यास आंबट होते. घरी पापड-सांडगे वाळवण्याचा हट्ट सोडून द्यावा. त्यासाठी लागणारे सलग कोरडे ऊन येथे मिळत नाही.

मुलांना पहिल्या महिन्यात घामोळे येते. सैल सुती कपडे, दिवसातून दोनदा अंघोळ आणि शाळेत मोठी पाण्याची बाटली पुरेशी ठरते. सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत ऊन अतिशय तीव्र असते, तेव्हा मैदानी खेळ संध्याकाळी पाचनंतर ठेवावा. जलतरण तलावात असताना गडगडाट ऐकू आला तर त्या क्षणी बाहेर यावे. विजांचे प्रमाण येथे फार मोठे आहे.

शेजारच्या सुमात्रा आणि कालिमंतान भागांत जंगले व दलदलीची जमीन जळते तेव्हा तिचा धूर येथपर्यंत येतो. २०१३ आणि २०१५ साली हा त्रास गंभीर होता. हवेच्या प्रदूषणाचा पीएसआय हा निर्देशांक सरकार जाहीर करते. तो १०० च्या वर गेला की खिडक्या बंद ठेवाव्यात, मुलांचे बाहेरचे खेळणे कमी करावे आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी औषध जवळ बाळगावे.

डास आणि डेंग्यू

या विषयात जराही ढिलाई नको. डेंग्यू येथे वर्षभर असतो आणि २०२० साली ३५,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. हा डास गटारात नव्हे, तर घरातील स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण एक आठवडा पुरतो. मराठी घरात अशी पाणी साचण्याची ठिकाणे कोणती, ते पाहावे: तुळशीच्या कुंडीखालची ताटली, देवघरातील कलश आणि तांब्या, फुलदाणी, न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली, एसीच्या पाण्याचे भांडे, आणि एचडीबी घरात कपड्यांच्या काठ्या अडकवण्याच्या पोकळ नळ्या. देवाचे पाणी रोज बदलावे आणि कुंडीखालची ताटली काढूनच टाकावी. पर्यावरण खात्याचे निरीक्षक ओळखपत्र दाखवून घरात तपासणी करतात आणि अळ्या सापडल्यास दंड होतो. डासांची पैदास कमी व्हावी म्हणून काही वस्त्यांत वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास मुद्दाम सोडले जातात. नर चावत नाहीत, त्यामुळे ते दिसल्यास घाबरू नये.

ताप आल्यास फक्त पॅरासिटामॉल द्यावे. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये, कारण डेंग्यूमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दोन-तीन दिवस टिकला तर रक्ततपासणी करून घ्यावी. भारतात पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक गंभीर होऊ शकतो. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे दिसली, तर न थांबता रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी ९९५ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

रोजच्या दुखण्याला घराजवळचा खासगी दवाखाना बरा. सरकारी पॉलिक्लिनिकमधील सवलत नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळते, पासवर आलेल्या कुटुंबाला पूर्ण शुल्क द्यावे लागते. त्यामुळे कंपनीच्या विम्यात जोडीदार आणि मुले आहेत का, हे रुजू होतानाच लेखी विचारावे.

बाजार, खाणे आणि प्रवास

कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, ओला नारळ, केळीची पाने, ज्वारीचे पीठ आणि मोसमात हापूस हे सर्व लिटल इंडियात मिळते. सेरंगून रोडवरील टेक्का बाजारात भाजी सकाळी ताजी असते, तर मुस्तफा सेंटर रात्री उशिरापर्यंत उघडे असते. रोजच्या दूध-भाजीसाठी जवळचे फेअरप्राइस किंवा शेंग सिओंग सुपरमार्केट पुरेसे आहे. नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असते.

हॉकर सेंटरमध्ये खाणे ही येथील रोजची संस्कृती आहे आणि २०२० मध्ये तिला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. शाकाहारी कुटुंबांनी मात्र नेमके प्रश्न विचारावेत. येथील सांबल चटणीत बहुधा आंबवलेल्या कोळंबीचे वाटण असते आणि भाज्यांवर ऑयस्टर सॉस घातलेला असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. चिनी शाकाहारी दुकानांत मांसासारखे दिसणारे पदार्थ सोयाबीन किंवा गव्हापासून केलेले असतात, ते पाहून दचकू नये. जेवल्यावर ताट परत नेऊन ठेवणे सक्तीचे आहे.

बस आणि एमआरटीमध्ये बँकेचे कार्ड टेकवून प्रवास करता येतो आणि सात वर्षांखालील मुलांसाठी विनामूल्य प्रवासाचे कार्ड काढून घ्यावे. गाडीत काहीही खाण्या-पिण्यास मनाई आहे. लहान मुलाच्या हातातील बिस्किटालाही हा नियम लागू होतो.

शाळा

येथील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, त्यामुळे जूनमध्ये आलेल्या मुलाचे गणित जुळवावे लागते. सरकारी शाळांत पहिलीचे प्रवेश आधी नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळतात; वरच्या इयत्तांसाठी दुसरी ते पाचवी आणि माध्यमिक पहिली ते तिसरी या टप्प्यांवर एईआयएस ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाली तरी घराजवळची शाळा मिळण्याची हमी नसते. दोन-तीन वर्षांसाठीच आलेल्या कुटुंबाने सीबीएसई अभ्यासक्रमाची भारतीय शाळा निवडावी, म्हणजे परतताना मुलाची घडी विस्कटत नाही.

सरकारी शाळांत मातृभाषा हा सक्तीचा विषय असतो. भारतीय मुलांना तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांपैकी एक भाषा घेता येते. मराठी या यादीत नाही, त्यामुळे बहुतेक मराठी मुले हिंदी घेतात. मराठी टिकवायची असेल तर ती घरातच बोलावी आणि वाचावी लागेल. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना मुलांना नेल्यास आपल्या वयाची मराठी बोलणारी मुले भेटतात, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पैसे आणि कर

येथे दरमहा पगारातून प्राप्तिकर कापला जात नाही. पुढील वर्षी विवरणपत्र भरल्यावर तो एकदम किंवा १२ हप्त्यांत द्यावा लागतो. म्हणून पहिल्या महिन्यापासून त्यासाठी रक्कम बाजूला टाकावी. भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, प्रकारात बदलून घ्यावे.

शेजार आणि सण

एचडीबीच्या सामाईक वाटेवर तुळस किंवा चपलांचे कपाट ठेवताना १.२ मीटर रुंद वाट मोकळी राहिली पाहिजे. हा अग्निसुरक्षेचा नियम आहे. कबुतरांना आणि इतर पक्ष्यांना खायला घालण्यास कायद्याने मनाई आहे. पितृपक्षात कावळ्याचा घास गच्चीवर किंवा खिडकीत ठेवू नये; ते पान घरातच दाखवून नंतर घरच्यांनी प्रसाद म्हणून घेणे हा सोपा मार्ग आहे. फटाक्यांवर १९७२ पासून संपूर्ण बंदी आहे. गणपतीची मूर्ती शाडूची घ्यावी आणि घरीच बादलीत विसर्जन करून ते पाणी कुंड्यांना घालावे. समुद्रात, जलाशयात किंवा कालव्यात मूर्ती सोडू नये.

दिवाळीला येथे एका दिवसाची सार्वजनिक सुटी असते आणि ती बहुधा नरकचतुर्दशीला येते, त्यामुळे लक्ष्मीपूजन वेगळ्या दिवशी आले तर त्या दिवसाची रजा आधी मागून ठेवावी. मराठी दिनदर्शिकेतील चंद्रोदयाच्या वेळा महाराष्ट्रातील शहरांच्या असतात. त्यात केवळ अडीच तास मिळवून संकष्टीचा उपास सोडू नये, कारण रेखांश आणि अक्षांश दोन्ही बदललेले असतात. सिंगापूरच्या चंद्रोदयाची वेळ स्वतंत्रपणे पाहावी, आणि आकाश ढगाळ असेल, जे येथे वारंवार असते, तर त्या वेळेवर विसंबून नैवेद्य दाखवावा.